कानाच्या पडद्याआड डोकावणारी साधने

'श्रावक' हा शब्द 'ऐकणे' या क्रियेतून जन्मला आहे. जो ऐकतो तो श्रावक. जैन परंपरेत जीवांची गणना इंद्रियांच्या संख्येवरून होते आणि त्या क्रमात स्पर्शन, रसना, घ्राण व चक्षू यांच्यानंतर पाचवे स्थान श्रोत्रेंद्रियाला आहे. ज्यांच्या नावातच श्रवण आहे, त्यांच्या घरांतही कानाची काळजी मात्र सहसा सर्वांत शेवटी घेतली जाते. डोळ्यांना अंधूक दिसू लागले की चष्मा येतो, दाढ दुखू लागली की दंतवैद्य आठवतो. पण मुलाचा कान फुटला, तर 'सर्दीने झाले असेल, थांबेल आपोआप' असे म्हणून कोमट तेलाचे दोन थेंब कानात सोडले जातात आणि विषय तेथेच मिटतो.

या दुर्लक्षाला एक कारण आहे. कानाचा जंतुसंसर्ग ज्या जागी होतो, ती जागा डोळ्यांना दिसत नाही. त्वचेवरची पुळी दिसते, घसा आ करून पाहता येतो. कानाच्या पडद्यामागे काय चालले आहे, हे समजण्यासाठी मात्र साधनच लागते. ही साधने कशी घडली, ती काय सांगतात आणि काय सांगू शकत नाहीत, हे समजून घेणे प्रत्येक कुटुंबाच्या हिताचे आहे. आरोग्य शिबिरे भरवणाऱ्या आणि दवाखान्यांना यंत्रे देणाऱ्या समाजाच्या संस्थांसाठी तर ते अधिकच गरजेचे आहे.

पडद्यामागची खोली

प्रौढ माणसाची कर्णनलिका सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची असते. तिच्या टोकाशी कानाचा पडदा ताणून बसवलेला असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाइतकीच. पडद्यामागे हवेने भरलेली एक लहानशी खोली आहे. तिला मध्यकर्ण म्हणतात. तीन चिमुकली हाडे पडद्याची थरथर आतल्या कानापर्यंत पोहोचवतात. या खोलीला घशाच्या मागच्या बाजूशी जोडणारी एक नळी असते. युस्टेशियन नलिका या नावाने ती ओळखली जाते आणि खोलीतील हवेचा दाब बाहेरच्या दाबाइतका ठेवणे हे तिचे काम.

लहान मुलांमध्ये ही नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दी झाली की तिचे तोंड सुजते, आतली हवा शोषली जाते, मध्यकर्णात द्रव साचतो आणि घशातील जंतूंना त्या द्रवात वाढण्यास वाव मिळतो. म्हणूनच सहा महिने ते दोन वर्षे या वयात तीव्र मध्यकर्णदाहाचे प्रमाण सर्वाधिक आढळते. मूल रडते, कान ओढते, ताप येतो. पू वाढून पडदा फाटला की कान वाहू लागतो आणि वेदना एकदम कमी होते. घरच्यांना वाटते, आजार बरा झाला. प्रत्यक्षात तेव्हा पडद्याला छिद्र पडलेले असते. बहुतेक वेळा ते आपोआप भरून येते, पण भरून आले की नाही हे पाहिल्याखेरीज कळत नाही.

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. संसर्ग ओसरल्यावरही मध्यकर्णात द्रव राहतो. ताप नाही, दुखणे नाही, कान वाहणे नाही. फक्त ऐकू थोडे कमी येते. मूल टीव्हीचा आवाज वाढवते, हाक मारली तर 'काय?' म्हणते, वर्गात मागे पडते. शिक्षक म्हणतात लक्ष नाही, घरचे म्हणतात हट्टी आहे. पुष्कळ मुलांत हा द्रव तीन महिन्यांत निघून जातो. ज्यांच्यात जात नाही, त्यांची भाषा शिकण्याची मोलाची वर्षे हातची निघून जाऊ शकतात.

पावसाळ्यात आणखी एक त्रास वाढतो. दमट हवेत बाह्यकर्णनलिकेत बुरशी वाढते. कानाला खाज सुटते आणि दडे बसतात. तेथे पडद्यामागे काहीच बिघडलेले नसते आणि उपचारही वेगळे असतात. लक्षणे एकमेकांसारखी आणि औषधे निरनिराळी असल्यामुळे आधी नीट पाहणे, मग औषध देणे, हाच क्रम योग्य ठरतो.

सूर्यप्रकाशापासून विजेच्या दिव्यापर्यंत

चौदाव्या शतकातील फ्रेंच शल्यवैद्य गी द शोलियाक यांच्या १३६३ च्या ग्रंथात कान रुंदावून सूर्यप्रकाशात आत पाहण्याचा उल्लेख आहे. पुढची कित्येक शतके हीच पद्धत चालली. तिची अडचण उघड होती. आत पाहण्यासाठी वैद्याने डोके पुढे केले की त्याचीच सावली कानावर पडे, आणि ढगाळ दिवशी तर तपासणीच शक्य नसे.

यावरचा तोडगा १८४१ मध्ये जर्मन वैद्य फ्रीड्रिख होफमान यांनी सुचवला. आरशाच्या मध्यभागी छिद्र पाडायचे. आरशाने प्रकाश कानात फेकायचा आणि त्याच छिद्रातून पाहायचे. प्रकाशाची रेषा आणि दृष्टीची रेषा एक झाली आणि सावलीचा प्रश्न सुटला. या कल्पनेकडे प्रथम फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. व्युर्त्सबुर्गचे आन्टोन फोन ट्रोल्च यांनी १८५५ मध्ये असाच अंतर्गोल आरसा पुढे आणला, तेव्हा तो सर्वत्र रूढ झाला. कान-नाक-घसा तज्ज्ञाच्या कपाळावर दिसणारा गोल आरसा हा त्याच कल्पनेचा वंशज आहे.

१८६५ मध्ये जॉन ब्रन्टन यांनी आरसा, भिंग आणि कानात बसणारी निमुळती नळी एकाच हातात मावेल अशा उपकरणात बसवली. पुढे विजेचे छोटे दिवे आले, बॅटरी आली आणि आज प्रत्येक बालरोगतज्ज्ञाच्या टेबलावर असणारा ऑटोस्कोप तयार झाला. निरोगी पडदा त्यातून मोत्यासारखा करडा आणि किंचित पारदर्शक दिसतो; त्यावर प्रकाशाचा एक त्रिकोणी कवडसा चमकतो आणि हातोडीच्या आकाराच्या हाडाची रेषा उमटलेली असते. तीव्र संसर्गात पडदा लाल होतो आणि बाहेरच्या बाजूला फुगतो. लाली मात्र मूल जोरात रडले तरी येते. तज्ज्ञ लालीपेक्षा फुगवट्याला अधिक महत्त्व देतात ते यामुळेच.

साधन साधे असले तरी ते हाताळणे ही कला आहे. प्रौढाचा कान वर आणि मागे ओढून नलिका सरळ करावी लागते. तान्ह्या मुलाचा कान खाली आणि मागे ओढावा लागतो. नळीचा आकार कानाला जुळावा लागतो. उपकरण धरलेल्या हाताचा आधार मुलाच्या गालावर वा डोक्यावर ठेवतात. मूल हलले तर हातही त्याच्याबरोबर हलतो आणि इजा टळते.

हवेच्या दाबाची भाषा

पडदा दिसला, पण त्यामागे हवा आहे की द्रव, हे केवळ पाहून नेहमी ठरत नाही. १८६४ मध्ये श्टुटगार्टचे एमिल झीगल यांनी नळीला काचेची हवाबंद खिडकी आणि रबराचा फुगा जोडला. फुगा हळूच दाबला की निरोगी पडदा हलतो. मागे द्रव असेल तर तो जागचा हलत नाही. साचलेला द्रव ओळखण्यासाठी ही युक्ती वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांत आजही आवर्जून सांगितलेली असते. दीडशे वर्षांहून जुनी, वीज न लागणारी आणि अतिशय स्वस्त अशी ही तपासणी आहे. घाईगर्दीच्या दवाखान्यांत मात्र ती वगळली जाते.

याच तत्त्वाला आकड्यांची भाषा दिली ती डेन्मार्कमधील संशोधकांनी. ऑटो मेट्झ यांनी १९४६ मध्ये निरोगी आणि आजारी कानांचा ध्वनिरोध मोजून दाखवला आणि त्या पायावर पुढे टिम्पॅनोमीटर उभा राहिला. कानात मऊ टोकाची एक कांडी बसवली जाते. तिच्यात एक छोटा ध्वनिक्षेपक, एक मायक्रोफोन आणि हवेचा पंप असतो. २२६ हर्ट्झचा स्थिर स्वर कानात सोडून हवेचा दाब अधिक २०० पासून उणे ४०० डेकापास्कलपर्यंत बदलत नेतात आणि किती ध्वनी परत येतो हे मोजतात. काही सेकंदांत कागदावर आलेख उमटतो.

तो आलेख वाचण्याची सोपी पद्धत १९७० मध्ये अमेरिकन श्रवणतज्ज्ञ जेम्स जर्गर यांनी रूढ केली. शून्य दाबाजवळ स्पष्ट शिखर आले तर 'ए', म्हणजे मध्यकर्ण ठीक. शिखरच नाही, रेषा सपाट, तर 'बी'. शिखर उणे दाबाकडे सरकले तर 'सी', म्हणजे नळी नीट उघडत नाही. सपाट रेषेचा अर्थ लावताना यंत्राने दाखवलेले कर्णनलिकेचे आकारमानही पाहावे लागते. आकारमान नेहमीइतके असेल तर मागे द्रव असण्याचा संभव. फार मोठे असेल तर पडद्याला छिद्र. फार लहान असेल तर मळाचा खडा आड आलेला किंवा कांडी भिंतीला टेकलेली. सहा महिन्यांच्या आतील बाळांसाठी २२६ हर्ट्झचा स्वर फसवा ठरतो. तेथे १००० हर्ट्झचा स्वर वापरावा लागतो. यंत्र खरेदी करताना हा तपशील तपासलेला बरा.

मोबाइलचे युग

गेल्या काही वर्षांत ऑटोस्कोपला कॅमेरा जोडला गेला. पूर्वी जे एकट्या डॉक्टरला दिसे, ते आता पडद्यावर आई-वडिलांनाही दिसते, साठवता येते आणि दूरच्या तज्ज्ञाकडे पाठवता येते. ज्या तालुक्यात कानाचे तज्ज्ञ नाहीत तेथे हा बदल मोलाचा आहे. भारतात 'एन्ट्राव्ह्यू' हे मोबाइल जोडलेले उपकरण घेऊन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दिल्लीच्या वस्त्यांमध्ये 'श्रुती' उपक्रमाखाली घरोघरी कान तपासले.

अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये त्याहून साधी वाट दाखवली. कागदाचे नरसाळे करून ते मोबाइलच्या ध्वनिक्षेपक-मायक्रोफोनपाशी लावायचे आणि कानाच्या तोंडाशी धरायचे. मोबाइल सेकंदाच्या सातव्या भागाइतका छोटा किलबिलाट सोडतो आणि परत आलेला ध्वनी ऐकतो. रिकाम्या आणि भरलेल्या तांब्यावर टिचकी मारली तर नाद वेगळा येतो, तत्त्व तेच. एका बालरुग्णालयातील ९८ कानांवर केलेल्या चाचणीत द्रव असलेल्या कानांपैकी सुमारे ८५ टक्के आणि द्रव नसलेल्यांपैकी सुमारे ८२ टक्के या पद्धतीने बरोबर ओळखले. २०२४ मध्ये पिट्सबर्गच्या संशोधकांनी पडद्याच्या चलचित्रांवर कृत्रिम बुद्धिमत्तेला प्रशिक्षण दिले आणि तीव्र मध्यकर्णदाह ओळखण्यात ९३ टक्क्यांहून अधिक अचूकता साधल्याचे प्रसिद्ध केले. प्रकाशलहरींच्या साहाय्याने पडद्याचा आणि त्यामागील द्रवाचा उभा छेद दाखवणारी साधनेही निघाली आहेत.

खोट्या नोटा आणि शंभर मुले

'८५ टक्के अचूक' हे शब्द ऐकून समाधान मानण्यापूर्वी हिशेब मांडून पाहावा. खोट्या नोटा ओळखणारे यंत्र ज्यांच्या गल्ल्याशेजारी असते, त्यांना हा हिशेब चटकन उमजेल. असे यंत्र दोन प्रकारे चुकते. कधी खोटी नोट खरी म्हणून सोडते, कधी खरी नोट खोटी म्हणून बाजूला काढते. कानाच्या यंत्राचेही असेच आहे.

उदाहरणादाखल असे धरू की एका शिबिरात १०० मुले आली आणि त्यांपैकी २० जणांच्या कानात खरोखर द्रव आहे. ८५ टक्के पकड असलेले साधन त्यांतील १७ जणांना ओळखेल. ३ मुले निरोगी ठरवून घरी पाठवली जातील. उरलेल्या ८० निरोगी मुलांपैकी ८२ टक्के, म्हणजे सुमारे ६६ बरोबर सुटतील. पण १४ मुलांवर विनाकारण शिक्का बसेल. एकूण ३१ मुले 'संशयित' ठरतील आणि त्यांपैकी खरोखर आजारी १७ असतील. म्हणजे शिक्का बसलेल्या दर दोन मुलांमागे जवळजवळ एक निरोगी.

यावरून साधन निरुपयोगी ठरत नाही. १०० मुलांऐवजी ३१ मुले तज्ज्ञांकडे पाठवायची आहेत, हे मोठेच काम झाले. पण त्या ३१ जणांना यंत्राच्या शब्दावर थेट प्रतिजैविके दिली, तर जवळजवळ अर्ध्या मुलांच्या पोटात अकारण औषध जाईल. शिवाय नुसता द्रव साचला असेल आणि तीव्र संसर्ग नसेल, तर प्रतिजैविकांचा उपयोगच नसतो. तीव्र संसर्गातही दोन वर्षांवरील मुलाचा त्रास सौम्य असेल, तर डॉक्टर वेदनाशामक देऊन दोन-तीन दिवस वाट पाहू शकतात. गाळणी आणि निदान यांत फरक आहे. यंत्र गाळणीचे काम करते. निदान डॉक्टरच करतात.

घरातला कॅमेरा

हल्ली ऑनलाइन बाजारात मोबाइलला जोडायचे कानाचे कॅमेरे अगदी कमी किमतीत मिळतात. अनेकांच्या टोकाला कान कोरण्याचा चमचाही लावलेला असतो. पाहणे आणि कोरणे ही दोन कामे एकाच हाताने करण्याचा हा मोह धोक्याचा आहे. सपाट चित्रात खोलीचा अंदाज येत नाही आणि मूल क्षणार्धात मान फिरवते. चमचा पडद्यापर्यंत पोहोचायला तेवढा वेळ पुरतो. कानातला मळ हा बहुधा आपोआप बाहेर सरकतो. कोरल्याने तो उलट आत ढकलला जातो.

चित्र स्पष्ट दिसले तरी ते वाचता येणे निराळे. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातील छोटीशी पांढरट पपडी घरच्या नजरेला मळच वाटेल. तज्ज्ञाला मात्र तीत हाड पोखरणाऱ्या कोलेस्टिएटोमाची शंका येते. थोडा पण दुर्गंधी स्राव वर्षानुवर्षे येत असेल, तर हा संशय आधी दूर करून घ्यावा. पडद्याला छिद्र असताना तेल किंवा घरात उरलेले थेंब टाकणेही वर्ज्य समजावे. काही थेंबांतील औषधे छिद्रातून आत जाऊन आतल्या कानाला इजा करू शकतात.

कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलला जाणे, चेहरा एका बाजूला वाकडा होणे, चक्कर, तीव्र डोकेदुखी, मान ताठणे, तापात गुंगी येणे, यांपैकी काहीही दिसले तर कोणत्याही यंत्राची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. प्रतिजैविके येण्यापूर्वी कानामागील हाडापर्यंत पोहोचलेला संसर्ग अनेक मुलांचे प्राण घेई. आजही तो धोका संपलेला नाही. प्रौढ व्यक्तीच्या एकाच कानात द्रव साचून तो हटत नसेल, तर नाकामागील भागाची तपासणी अवश्य करून घ्यावी, कारण तेथील गाठीचे ते पहिले लक्षण असू शकते.

औषधदानाचा हिशेब

आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांत औषधदानाची परंपरा समाजाने आजवर मोठ्या श्रद्धेने जपली आहे. ठिकठिकाणच्या विश्वस्त संस्थांकडून दवाखान्यांना यंत्रे दिली जातात, कोनशिलेवर नाव कोरले जाते, छायाचित्र निघते. पण यंत्राची किंमत हा खर्चाचा पहिला हप्ता असतो. ऑटोस्कोपला दिवा, बॅटरी आणि दर रुग्णाला नवी किंवा निर्जंतुक केलेली नळी लागते. टिम्पॅनोमीटरचे दरवर्षी प्रमाणीकरण करावे लागते; ते चुकले तर यंत्र आकडे दाखवत राहते, पण त्या आकड्यांना अर्थ उरत नाही. चालवणाऱ्याला प्रशिक्षण हवे, आणि ज्यांच्यात दोष आढळेल त्यांना पुढे कुठे पाठवायचे हेही ठरलेले हवे. भांडवली खर्चाला निधी आहे आणि आवर्ती खर्चाला नाही, अशी देणगी वर्षभरात कपाटात जाते. त्यापेक्षा दोन उत्तम ऑटोस्कोप, हवेचे फुगे, पुरेशा नळ्या आणि एका परिचारिकेचे प्रशिक्षण, एवढी लहान देणगी अधिक कान वाचवील.

खरेदी करणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनीही कायद्याकडे लक्ष द्यावे. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ मध्ये आले आणि १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे कायद्याच्या दृष्टीने औषधाच्या व्याख्येत आली. धोक्याच्या प्रमाणानुसार त्यांचे ए, बी, सी, डी असे वर्ग आहेत. विक्रेत्यांसाठी एमडी-४२ या नमुन्यातील नोंदणीची सोय आहे. शल्यसाहित्याचा व्यापार करणाऱ्यांना हे ठाऊक असतेच. ऑनलाइन स्वस्त माल मागवून तो 'वैद्यकीय' म्हणून पुढे विकणाऱ्यांनीही ते जाणून घ्यावे.

सरकारी सोयीही आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. त्यात अंगणवाडी आणि शाळांतील मुलांच्या ज्या आजारांची तपासणी होते, त्यांत मध्यकर्णदाहाचा समावेश आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था श्रवणाच्या क्षेत्रात कार्यरत आहे. समाजाच्या शिबिरांत दोष आढळलेल्या मुलांना अशा व्यवस्थांशी जोडून दिले, तर शिबिराच्या दिवशी सुरू झालेले काम पुढे चालू राहते.

प्रत्येक घराने करावयाचे काम त्याहून सोपे आहे. सर्दीनंतर मूल कमी ऐकते असे वाटले, तर 'लक्ष देत नाही' असा शेरा मारण्याआधी एकदा कान तपासून घ्यावा. कान फुटला असेल, तर तो थांबल्यावरही पडदा भरून आला की नाही हे पाहून घ्यावे. तपासणीच्या वेळी 'डॉक्टर, पडदा हलतो का तेही पाहाल?' एवढा एक प्रश्न विचारावा. रबराचा छोटा फुगा आणि अर्धा मिनिट, एवढ्यावर त्याचे उत्तर मिळते. आणि त्या उत्तरावर एखाद्या मुलाचे बोलणे, शिकणे आणि ऐकणे अवलंबून असू शकते.